पाण्याखालच्या गावातल्या साळवेबाई

दुपारी फोन आला तेव्हा मी सोनईला घरीच होते. साळवेबाईंचा भाचा बोलत होता. "ताई, मावशी गेली. जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही." कसं झालं, कुठे नेणार, यातलं काहीच मी विचारलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "धरणाचं पाणी कुठवर आलंय?" तो म्हणाला, "सगळं भरलंय. मावशीनंही सकाळी हेच विचारलं होतं."

बाई शेवगावच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्तीनंतर दोन-चार जुन्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी एक छोटी संस्था काढली आणि कापसाच्या बंद जिनिंग कारखान्यातलं एक शेड मिळवलं. आसपासच्या गावांतल्या नव्या चित्रकारांना तिथे काही महिने जागा मिळे, साहित्य मिळे, आणि मुख्य म्हणजे कामाकडे नीट बघणारं माणूस मिळे. मी तेव्हा पुण्यातून कला शिकून परतले होते आणि घरात माझ्या लग्नाखेरीज दुसरा विषय नव्हता. बाईंनी विचारलं, "तू काय काढतीस?" मी म्हटलं, "काढत नाही. दुसऱ्यांचं काम मांडते. क्युरेटर म्हणतात त्याला." शाळेत पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाई शेडमध्ये गावची भाषा बोलत. म्हणाल्या, "मग तूच पायजे. काढनारे लई हायेत गं. लोकांना हाताला धरून कामापाशी नेनारं कुनी न्हाई."

माझं पहिलं प्रदर्शन त्यांनी शेडमध्ये होऊच दिलं नाही. घोडेगावचा दिगंबर तेव्हा संस्थेत नवा होता. कबड्डीचं मैदान आखतात त्या फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या पुडीनं, तो जमिनीवर चित्रं काढायचा. त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप मागे हटलं आणि बाईंचं बुडालेलं गाव उघडं पडलं. भेगाळलेला गाळ, जोत्यांचे दगड, विहिरीचं कडं. बाई चालत होत्या आणि हातानं दाखवत होत्या, इथं कुणाचं घर, इथून बोळ, इथं प्रार्थनेची जागा. दिगंबर त्यांच्या मागून फक्की सोडत होता. दोन-तीन दिवसांत सगळं गाव पांढऱ्या रेघांत उभं राहिलं. प्रत्येक घराला दाराएवढी जागा त्यानं मोकळी सोडली होती.

जिल्हाभर विखुरलेल्या जुन्या गावकऱ्यांना आम्ही निरोप धाडले. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमधून म्हातारी माणसं आली. काय बघायचं, कसं बघायचं, हे सांगायला मी छोटंसं भाषण पाठ केलं होतं. त्याची गरजच पडली नाही. कुणी रेघ ओलांडली नाही. सगळे दारातून आत गेले. काही जण तर वाकून गेले, जणू चौकट डोक्याला लागेल. एक आजी चुलीच्या जागी बसून कुणाशी तरी हळू बोलत होत्या, मधेच उत्तर ऐकायला थांबत होत्या. मी घाईत एका घरातून दुसऱ्या घरात आडवी निघाले, तर मागून एक म्हातारबाबा ओरडले, "अगं ए पोरी, भिंतीतून काय जातीस?" मी दचकून थांबले. खांद्याला काहीतरी घासल्यासारखं झालं. घरी येऊन बघितलं तर खरंच खरचटलं होतं... त्या मोकळ्या माळावर कशानं, ते मला आजही सांगता येत नाही.

बाई मात्र स्वतःच्या घरापुढे उभ्याच होत्या. मी म्हटलं, "बाई, चला ना आत." त्या हसल्या नाहीत. "आत समदे बसलेत गं. मी गेले तर उठत्याल. जागा झाली की बोलावत्याल."

त्या कामानं दिगंबरचं नाव झालं. त्याला मोठ्या शहरांतून बोलावणी आली, मलाही आली. आम्ही बिचकत होतो, तेव्हा बाईंनीच आम्हाला घालवलं. "हितं अडकून बसू नका. तुमची जागा मला दुसऱ्याला द्यायचीय." पावसाळ्यात गाव पुन्हा पाण्याखाली गेलं.

चर्चमागे बाईंचा दफनविधी आटोपल्यावर दिगंबर आणि मी काही न ठरवता धरणाच्या काठावर गेलो. पाणी अगदी स्थिर होतं. दिगंबर बराच वेळ एकाच ठिकाणी बघत राहिला. ते ठिकाण मलाही माहीत होतं, बाईंच्या घराचं. "जागा झाली वाटतं," तो म्हणाला. आम्ही दोघंही घाबरलो होतो, आणि तिथून निघवतही नव्हतं.

बाईंची एक सवय सांगायची राहिली. काम पुरं झालं की त्या सगळ्यांना बाहेर काढत, दार लोटून घेत आणि एकट्या त्या कामासमोर बसत. आतून पुटपुटणं ऐकू येई. मग दार उघडून जे काय सांगायचं ते एका वाक्यात सांगत. परवा करुणा नावाच्या नव्या मुलीनं कोळशानं काढलेली मोठी चित्रं शेडमध्ये लावली. बाई गेल्यावर संस्थेनं जागा दिलेली ती पहिलीच. शेवटचं चित्र टांगून झालं तसे मदतीला जमलेले आम्ही सगळे बाहेर आलो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. दिगंबरनं दार लोटलं.

करुणानं बाईंना कधी पाहिलेलं नाही. ती आमच्या तोंडाकडे बघत राहिली. "आत कोन हाय?" तिनं विचारलं.

जरा वेळानं तिनं दाराला हात घातला, आणि मी पटकन तिचं मनगट धरलं.

"थांब," मी म्हटलं. "अजून बघून झालं नसेल."