बदामी वासाची गळती

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आमची ही तर अजूनही चहा गाळता गाळता मध्येच फिस्सकन हसते, आणि मी विचारलं की म्हणते, "काही नाही हो, बदाम आठवले."

तर गोष्ट अशी. मी मोहिते. राहायला गुजराती मुलखात, तरसालीत, नोकरी एका केमिकल प्लांटमध्ये, सेफ्टी खात्यात. आमच्याकडे एक रसायन आहे, भलतं वाईट. पण त्याचा वास कसा? गोड! अगदी बदाम भाजल्यासारखा. म्हणून नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी घोकून घेतो, "प्लांटमध्ये गोड वास आला की खूश व्हायचं नाही, पळायचं!"

आणि वास ओळखण्यात आपला हात, म्हणजे आपलं नाक, कोण धरणार? अहो, वॉल्व्ह जरासा पाझरला तरी मी लांबून सांगायचो. सगळे म्हणायचे, मोहितेभाईंचं नाक म्हणजे देवाची देणगी. मीही म्हणायचो. जरा जास्तच म्हणायचो, खोटं कशाला बोलू?

त्या हिवाळ्यात सेफ्टीच्या मुख्याची जागा रिकामी झाली. दोघंच उमेदवार. एक मी आणि दुसरा आमचाच हसमुखभाई. माणूस सोन्यासारखा, पण नाक? बारा महिने चोंदलेलं! त्याला स्वतःच्या डब्यातल्या उंधियूचा वास येत नाही, गॅसचा काय येणार? तो आपला गॅस काय, कसलीही वाफ पकडणारं मीटर गळ्यात अडकवून फिरायचा. मी त्याला चिडवायचो, "हसमुखभाई, ते खेळणं घरी नातवाला द्या."

तो हसून म्हणायचा, "मोहितेभाई, नाक खोटू बोले, मीटर ना बोले."

मी मनात म्हणायचो, बस बाबा मीटर धरून. खुर्ची माझीच आहे.

मुलाखतीला मुख्य ऑफिसातून जोगळेकर मॅडम यायच्या होत्या. आदल्या दिवशी हिने ट्रंकेतून माझा मरून स्वेटर काढला आणि नाक दाबून ओरडली, "अहो, हा घालून जाणार? डांबरगोळ्यांचा केवढा वास मारतोय! मॅडम खुर्चीतून उठून जातील!"

बाहेर थंडी पडलेली, स्वेटर तर हवाच. मग काय, संध्याकाळी स्कूटरवरून दोघं अलकापुरीच्या बाजारात, सेंटच्या दुकानात. दुकानातली मुलगी मोठी हुशार. कागदाच्या पट्ट्या फवारून एकेक नाकाखाली धरते आणि म्हणते, "अंकल, शियाळामां तो स्वीटच चाले." थंडीत म्हणे गोड वासच लावायचे असतात. चौथ्या पट्टीनंतर मला सगळं सारखंच वाटायला लागलं. शेवटी हिनेच एक बाटली निवडली. स्वस्तातली, पण दिसायला झकास. ही म्हणाली, "बदामाच्या शिऱ्यासारखा वास आहे बाई!"

आता तुम्ही म्हणाल, बदाम म्हटल्यावर तुमच्या डोक्यात घंटा नाही वाजली? नाही वाजली! अहो, दुकानात उभा असलेला माणूस नवरा असतो, सेफ्टीवाला नसतो.

सकाळी निघताना ही बजावून म्हणाली, "एकदाच मारा हं. तेज आहे."

एकदाच मारलं. पण प्लांटवर पोचून स्वेटर हुंगून बघतो, तर वास गायब! म्हटलं, स्वस्तातली वस्तू ती, वाऱ्यात उडाली. बाटली खिशातच होती. लॉकर रूममध्ये पुन्हा मारलं. थोड्या वेळाने हुंगलं, पुन्हा काही नाही. मग मात्र माझं डोकंच फिरलं. फसवलं ना त्या पोरीने! रागारागाने छातीवर, बाह्यांवर, गळ्याशी, लोकर ओली होईपर्यंत मारलं आणि तडक कंट्रोल रूममध्ये गेलो. मुलाखतीला अजून वेळ होता.

आत जिग्नेश ऑपरेटर पडद्यासमोर बसला होता. मी त्याच्यामागे जाऊन उभा राहिलो. त्याची मान हळूच वर झाली. नाकपुड्या फुगल्या. चेहरा पांढराफटक.

"मोहितेभाई," तो कुजबुजला, "बदाम."

मी जोरात श्वास ओढला. काही नाही! पुन्हा ओढला. काहीच नाही!

"आवे छे ने?" जिग्नेशने विचारलं.

आता सांगा, अख्ख्या प्लांटचं नाक मी. मुलाखत तासाभरावर. मी काय म्हणणार, मला येत नाही?

"येतोय ना! चांगलाच येतोय!" मी म्हणालो.

इथेच मेलो बघा.

धावत पंपाकडे गेलो. तिथला माणूस म्हणतो, "साहेब, अहींया पण बदाम!" टाकीकडे गेलो, तिथेही बदाम. गळती एका जागी असते हो, ही तर सगळीकडे! म्हणजे मोठी लाइनच फुटली असणार. तेवढ्यात हसमुखभाई शिंकत शिंकत आला, मीटर पाइपांवर फिरवून म्हणाला, "झीरो बतावे छे. टाकी झीरो, पंप झीरो. शांती राखो, मोहितेभाई."

"शांती काय राखो? माणसं मरतील! सगळ्यांना वास येतोय, मला येतोय, आणि तुम्ही त्या डबीवर विश्वास ठेवताय?"

असं म्हणून मी सायरनचं बटण दाबलं.

त्या सायरनने आजवर तालमीशिवाय तोंड उघडलं नव्हतं. तालमीला लोक बिडी विझवत, गप्पा मारत यायचे. त्या दिवशी मात्र एकही जण हसला नाही. प्लांट बंद केला. सगळे शिस्तीत मोकळ्या मैदानातल्या जमायच्या जागी. जोगळेकर मॅडमसुद्धा डोक्यावर हेल्मेट घालून रांगेत. मी रांगेच्या पुढून धावत माणसं मोजतोय, आणि जिथून जिथून मी जातोय, तिथून तिथून आवाज उठतोय, "बदाम! बदाम!"

"वारा तर इथून प्लांटकडे वाहतोय," मॅडम म्हणाल्या. "मग वास इथे कसा?"

खरंच, कसा? मी सगळ्यांना मागच्या गेटकडे हलवलं. वास आमच्यासोबत मागच्या गेटला. आता लोक खरोखर घाबरले. कुणी तोंडाला रुमाल लावला, कुणी देवाचं नाव घेऊ लागलं, जिग्नेश तर घरी फोन लावून रडवेला झाला. आणि मला अजूनही कसलाच वास येत नव्हता!

तेव्हा मला माझंच शिकवणं आठवलं. दर वर्गात मी फळ्यावर लिहितो. वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला असं नाही, नाक बधिर झालं असेल. ज्याला सगळ्यात जास्त लागला, त्याला सगळ्यात कमी येतो.

म्हणजे मला लागला होता. सगळ्यात जास्त, मलाच!

मी तिथेच खाली बसलो. छातीत धडधड, हातांना मुंग्या. खोटं नाही सांगत, खुर्ची, मुलाखत सगळं विसरलो. फक्त ही आठवली. सकाळी दारात उभी राहून म्हणाली होती, येताना फरसाणवाल्याकडून लीलो चिवडा आणा. तेवढंसुद्धा माझ्या हातून होणार नाही असं वाटलं आणि डोळे भरून आले.

"मॅडम," मी म्हणालो, "मी खोटं बोललो. मला वास येत नाहीये. पहिल्यापासूनच येत नाहीये."

मग जिग्नेश किंचाळला, "मोहितेभाईने गॅस लाग्यो!"

आणि मग माझाच नियम माझ्यावर चालून आला. गॅस लागलेल्या माणसाचे कपडे काढा, सेफ्टी शॉवरखाली उभं करा, तो नको म्हणाला तरी सोडू नका. हे 'नको म्हणाला तरी' मीच घुसडलं होतं! चौघांनी धरलं. स्वेटर गेला, शर्ट गेला. पौष महिना, टाकीचं पाणी, वरून धबधब! मी बोंबलतोय, "अरे सोडा, मेलो!" आणि ते म्हणताहेत, "काका, तुम्हीच शिकवलंय, सोडायचं नाही!"

इकडे मॅडमनी माझ्या घरी फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून, का घाईत चुकून बोट लागलं म्हणून, देव जाणे, पण स्पीकर चालू.

"वहिनी, घाबरू नका. मोहित्यांना जरा बरं वाटत नाहीये. सकाळी निघताना काही त्रास होता का?"

"त्रास? छे हो!" हिचा आवाज मैदानभर घुमला. "सेंट मारून छान ऐटीत गेलेत. मुलाखत आहे ना! नवीन आणलाय, बदामाचा. का हो, जास्त मारला का त्यांनी? मी सांगितलं होतं एकदाच मारा!"

शॉवरचं पाणी पडतच होतं. हसमुखभाई शांतपणे वाकला आणि जमिनीवर पडलेल्या माझ्या मरून स्वेटरवर त्याने मीटर धरलं.

टीं टीं टीं टीं टीं!

धरणीमाय पोटात घे, असं माणसं का म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. पहिला जिग्नेश फुटला. मग रांग फुटली. मॅडम हेल्मेट काढून तोंडापुढे धरून हसत होत्या. मी उघडाबंब, दात वाजताहेत, आणि अजून कुणी नळ बंद करेना!

मुलाखत झाली. हो, झाली! कँटीनचा टेबलक्लॉथ अंगाभोवती गुंडाळून मी मॅडमसमोर बसलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मोहिते, गळती कुठे आहे हे शोधताना सुरुवात कुठून कराल?"

"माझ्यापासून," मी म्हणालो.

उत्तर बरोबर होतं. खुर्ची मात्र हसमुखभाईला मिळाली. बारा महिने नाक चोंदलेल्या माणसाला!

त्याने आल्या आल्या नियम काढला. गेटवर प्रत्येकाच्या अंगावरून मीटर फिरवायचं, मगच आत सोडायचं. हिने तो स्वेटर तीनतीनदा धुतला, उन्हात वाळवला, आणि सवयीने कुठे ठेवला? ट्रंकेत! सोमवारी मी तो घालून गेटवर गेलो. हसमुखभाईने मीटर छातीशी आणलं मात्र, टीं टीं टीं!

"सेंट नाही हो!" मी कळवळून म्हणालो. "आईशप्पथ, डांबरगोळ्या आहेत!"

हसमुखभाईने रुमालात नाक शिंकरलं आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "मने तो वास नथी आवती, मोहितेभाई. पण मीटर ना पाडे छे. स्वेटर उतारो."

उतरवला. काय करणार? खरं सांगायचं तर वास मलाही येत नव्हता.