आत्याच्या वजनाचा आवाज

आता हसणारच आहात, तर निदान चहा खाली ठेवून हसा, सांडेल. चाकाचा आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगतो, असं मी गावभर मिरवत होतो. त्याच कानांनी मला सगळ्या भावकीसमोर कसं आडवं केलं, ते ऐका.

इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. का म्हणून विचारू नका. आमचे सर फळ्यावर सुंदर गिअरबॉक्स काढायचे आणि स्वतःची स्कूटर बंद पडली की ढकलत न्यायचे. मग मी वाळूजच्या एका गॅरेजात हात काळे केले. घरात मात्र माझी ओळख एकच, कॉलेज सोडलेला. आमचे अप्पा, म्हणजे वडील, पाहुण्यांना ही गोष्ट अशी हळू आवाजात सांगायचे, जसं काही मला मोठा आजार झालाय.

मला स्वतःचं गॅरेज टाकायचं होतं. आणि जागा कुणाकडं? तर अप्पांच्या थोरल्या बहिणीकडं, कमलआत्याकडं. सिडकोत अगदी रस्त्याला लागून तिचा गाळा, शटर ओढून धूळ खात पडलेला. आत्या म्हणाली, "साखरपुड्याला गंगापूरला चाललोय नं, गाडी तू चालव. तुला खरंच गाडीतलं कळतं का, ते बघते. मग ठरवू."

घ्या, परत परीक्षा. जिला वैतागून कॉलेज सोडलं, तीच.

पुढं माझ्याशेजारी अप्पा, मागं डाव्या दाराशी पैठणी नेसून आत्या. वाळूज मागं पडलं, मी जरा वेग धरला, आणि मागच्या चाकाकडून आवाज सुरू झाला. टक, टक, टक. वेग वाढवला की टकटकटकटक. कमी केला की बंद.

"टायरात खडा अडकला," अप्पा म्हणाले.

"अप्पा, तुम्हाला गाडीतला फक्त हॉर्न कळतो."

"तुझ्या जन्माच्या आधीपासून चालवतो मी."

"व्हय, दुसऱ्या गिअरवर."

गाडी बाजूला घेतली. दोघांना उतरवलं आणि चाकापाशी मान घातली. नट घट्ट, टायर ठणठणीत, खडा नाही. एकट्यानं फेरी मारली, आवाज गायब. दोघं बसले, निघालो, आवाज हजर.

सांगा, यातून शहाणा माणूस काय काढेल? वजन. भार पडला की मागचं सस्पेन्शन दबतंय आणि चाक कुठंतरी लागतंय. तरी मी घाई केली नाही बरं का. आत्याला उजव्या बाजूला बसवलं आणि तिच्या जागी अप्पांना. अप्पा म्हणजे वाळलेली तुरकाठी. आणि काय सांगू, डावीकडचा आवाज बंद, उजवीकडचा सुरू. आत्या सरकली की आवाज सरकतो. याहून मोठा पुरावा कोर्टात तरी मिळतो का?

"आत्या, राग मानू नको. आवाज तुझा आहे."

"माझा?"

"तुझ्या वजनाचा. तू बसतीस तिकडचं चाक ओरडतं."

"अरे, जरा लाज धर," अप्पा म्हणाले. "बहीण हाय ती माझी."

"सस्पेन्शनला नातं कळत नाय, अप्पा."

लिंबेजळगावला आत्यानं आपणहून दार उघडलं आणि मी तिला गंगापूरच्या काळीपिवळी जीपमध्ये बसवून दिलं. पुढच्या रस्त्याला एक टक नाही. मी अप्पांकडं अशा नजरेनं बघत होतो की ते खिडकीबाहेरचा ऊस न्याहाळत बसले.

मंडपात पोचल्यावर मी पाहुण्यांना ही केस समजावून सांगितली. चमचा म्हणजे ॲक्सल, दोन वाट्या म्हणजे चाकं. एका टोकाला बुंदीचा लाडू ठेवला. लाडू म्हणजे आत्या. लोक हसत होते. माझ्या हुशारीवर हसताहेत असं मला वाटलं. आत्या कधीची माझ्यामागं येऊन उभी होती.

"झालं तुझं?"

"झालं."

"मग लाडू खाऊन टाक. नायतर टेबल बी आवाज करंल."

तिनं पदराचं टोक माझ्यापुढं धरलं. काठाच्या चिंध्या, जर काळी पडलेली, आणि टोकाला गाठ. गाठीतून एक किल्ली डोकावत होती.

"जीपमध्ये बसताना पदर मांडीवर घेतला तवा दिसलं. तुझ्या दारातून बाहेर लोंबत आला हा सगळा रस्ता. वाऱ्यानं किल्ली आपटत व्हती."

मी गाडीकडं पळालो. मागच्या दोन्ही दारांखाली रंग उडालेला. चाकाखाली मान घातली, नट मोजले, पण एवढ्या शहाण्यानं दाराकडं बघितलंच नाही.

परत आलो तर आत्या शांतपणे गाठ सोडत होती.

"गाळ्याची किल्ली हाय. चार माणसांसमोर तुला द्यावी म्हणून बांधून आणली व्हती."

म्हणजे माझं गॅरेज अख्ख्या रस्त्यानं दार ठोठावत होतं, आणि मी त्याला उतरवून काळीपिवळीत बसवलं.

"आता नाय देणार?" माझा आवाज कॉलेजच्या तोंडी परीक्षेत निघायचा तसा निघाला.

"देते की. पोरगं मेहनतीचं हाय, मान घालून शोधत व्हतं. पण एक पाटी लावायची. मी सांगते ती."

गॅरेज आता जोरात चाललंय. कधीही या, चहा पाजतो. शटरच्या वरच पाटी आहे, आत्या दर महिन्याला येऊन पुसून जाते:

'इथं सगळी कामं होतील. आवाज ओळखून मिळणार नाही.'