चौऱ्याण्णव पानांचा प्रकल्प

पोर्टल उघडायचं, निकालाच्या चौकटीत बघायचं, बंद करायचं. त्या महिन्यात मी हे दिवसातून किती वेळा केलं असेल, देव जाणे. गोदामात चलनावर सही करता करता, बडनेऱ्याला बस थांबली की, पोळ्या लाटताना पिठाच्या बोटानं. चौकटीत दरवेळी तेच वाक्य: ‘निकाल राखून ठेवण्यात आला आहे.’ कोणी राखला, कशासाठी राखला, त्याचा पत्ता नाही. माझा जीव टांगणीला आणि यांची भाषा कशी तर बँकेच्या लॉकरसारखी सभ्य.

अडलं काय होतं ते सांगते. अमरावतीत ठिबकच्या नळ्या आणि फवारणी पंप विकणाऱ्या एका एजन्सीच्या गोदामात मी अकरा वर्षं काम करते आहे. कोणता माल कुठल्या रांगेत, दर्यापूरची गाडी किती वाजता निघाली तर संध्याकाळपर्यंत रिकामी परत येते, कोणता ड्रायव्हर खरं बोलतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आमचे व्यवस्थापक निवृत्त होणार होते. त्यांची खुर्ची मला मिळायला हवी, असं हमालांपासून सगळेच म्हणत होते. पण मालकांच्या मुलानं नियम काढला की त्या खुर्चीला व्यवस्थापनाची पदवी लागेल. मी चिडले, दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी ऑनलाइन एमबीएला नाव घातलं. आता दोन वर्षं सरली होती, मुलाखत तीन आठवड्यांवर आली होती आणि निकाल राखलेला होता.

अभ्यासक्रम कसा होता, असं मला पुष्कळजण विचारतात. छान होता, असं मी बरेच दिवस सांगत आले. खोटं बोलत होते. व्हिडिओतले सर एका पांढऱ्या भिंतीपुढं उभे राहून वाचायचे. वाचायचेच, कारण ओळ संपली की त्यांचे डोळे डावीकडं परत यायचे. उदाहरणं सगळी परदेशातल्या भल्यामोठ्या दुकानांची. मी ते व्हिडिओ दीडपट वेगानं बघायची, म्हणजे सर जरा जिवंत वाटायचे. बुधवारी संध्याकाळी थेट वर्ग असे. त्यात आम्ही शेकडोंनी हजर, सगळ्यांचे माइक बंद, आणि बाजूला गुड इव्हिनिंग सरचा पाऊस. तो ओसरेपर्यंत अर्धा तास जायचा. एकदा मी लिहिलं, ‘सर, माल आमच्यासारखा हंगामी असेल तर हे सूत्र कसं लावायचं?’ सरांनी वाचलं, ‘उत्तम प्रश्न’ म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली. चर्चेच्या पानावर तोच प्रश्न परत टाकला. तिथं एक उत्तर आलं, तिवश्याच्या एका शिक्षिकेचं: ‘मलापण हेच विचारायचं आहे.’

परीक्षा घरबसल्या, पर्याय निवडायच्या. दोन वर्षांत मेंटॉर पाच बदलले. प्रत्येकजण फोनवर नव्यानं माझं नाव विचारायचा आणि माझा प्रवास कसा चालला आहे म्हणायचा. पहिल्यांदा मी बिचारीनं अमरावती-अकोला बसबद्दल सांगितलं.

पण प्रकल्पात मात्र माझा जीव होता. विषय मी निवडला अकोल्याच्या फुलबाजाराचा, कारण माझ्या आईबाबांचा धंदा तोच. माझं माहेर अकोल्यात, मोर्णा नदीपलीकडं जुन्या शहरात. शनिवारी काम सुटलं की मी घरी जायची आणि रविवारी पहाटे बाबांबरोबर बाजारात. झेंडू कुठून येतो, शेवंतीचं पोतं किती वेळ बांधलेलं राहिलं तर आतून तापतं, सकाळचा पहिला भाव कसा फुटतो, सगळं वहीत टिपून घेतलं. ओळखीचे व्यापारी हसायचे. ‘काय लिहून राहिली वं पोट्टी? तुह्या बापाले इचार ना, थ्याले सारं मालूम हाय.’ बापालाच विचारत होते. लहानपणापासून त्या फुलांच्या पोत्यांवर बसून वाढले, पण बाबांना धंद्याबद्दल मी पहिल्यांदाच काही विचारत होते. तेही उगाच ताठ होऊन उत्तरं द्यायचे. साडेदहाची बस धरून मी अमरावतीला परत. असे सतरा रविवार. चौऱ्याण्णव पानं झाली आणि ती मी मुदतीच्या चार दिवस आधी जमा केली.

मग राखलं कशाला? तक्रार टाकली तर यंत्राचं उत्तर यायचं की आपलं समाधान हेच आमचं ध्येय. फोन लावला तर एक दाबा, दोन दाबा. दहा दिवस असे गेले. या दहा दिवसांत मी घरात नवऱ्यावर, गोदामात हमालांवर आणि एकदा एसटीत अगदी अनोळखी बाईवर खेकसले. अकराव्या दिवशी संस्थेच्या पुण्याच्या कार्यालयातल्या एक वरिष्ठ मॅडम फोनवर सापडल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘पण प्रोजेक्ट राहिल्याचं तुम्हीच कळवलं होतं ना? या सत्रात देणार नाही म्हणून नोंद आहे. मग पुढच्या सत्रात, सहा महिन्यांनी.’

मी कळवलं? मी? माझा आवाज इतका चढला की शेजारच्या रांगेतला हमाल पंपाचं खोकं खाली ठेवून बघायला लागला. मॅडमनी रेकॉर्डिंग लावलं, प्रकल्प जमा करायच्या आधीच्या एका फोनचं. मेंटॉरचा गोड आवाज: ‘मॅडम, प्रोजेक्टचं काय?’ मागं ट्रक उतरवल्याचा दणदणाट. आणि मग मी, घाईत, गोदामातल्या भाषेत: ‘करून राहिली ना सर!’ फोन कट.

आमच्याकडं ‘करून राहिली’ म्हणजे करते आहे, अगदी आत्ता, या घटकेला. त्या मेंटॉरनं त्यातलं ‘राहिली’ तेवढं उचललं आणि यादीत ‘राहिले’समोर खूण केली. मला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. मी मॅडमना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अहो, मग शुद्ध बोलायचं ना फोनवर.’

यावर माझ्या जिभेवर जे आलं ते मी गिळलं. मुलाखत दहा दिवसांवर होती. मॅडमनी उपाय सांगितला: एक निवेदन द्यायचं, ‘माझ्या बोलण्यातील अस्पष्टतेमुळे गैरसमज झाला, त्यास संस्था जबाबदार नाही,’ असं. मजकूर त्यांनीच पाठवला. मी तो तीनदा वाचला. माझं बोलणं अस्पष्ट? गोदामाच्या एका टोकाहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाते माझी. संताप संताप झाला. तरीही सही केली, फोटो काढला आणि पाठवला. सही केली याची लाज अजून वाटते, पण खुर्ची हवी होती.

निवेदन पोचल्याची पावती आली. त्यानंतर नऊ मिनिटांनी निकाल लागला. प्रकल्प: ए. शेरा: ‘उत्कृष्ट विश्लेषण.’

मी उडीच मारली. हमालांना चहा सांगितला. चहा पिता पिता मनात आलं, नऊ मिनिटांत चौऱ्याण्णव पानं? नुसती पानं उलटायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. तो विचार मी चहाबरोबर खाली ढकलला, पण तो काही खाली राहिला नाही. रात्री जेवताना वर आला, सकाळी आंघोळीत वर आला.

मुलाखतीचं सांगायला फारसं काही नाही. मालकांच्या मुलानं गुणपत्रक बघितलं, ‘अरे वा, ए!’ म्हणाला. प्रकल्प कशावर, हेही कोणी विचारलं नाही. मी पान पान पाठ करून गेले होते. पुढच्या सोमवारी त्या खुर्चीवर बसले. हमालांनी हार घातला, व्यवस्थापकांनी किल्ल्या हातात दिल्या. मला आनंद झाला का? झाला, नाही कशाला म्हणू. पण खुर्चीत बसलं की आतून कोणीतरी टोचायचं. सतरा रविवारांचं काम चांगलं होतं की फालतू, ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. नापास केलं असतं, खाली चार ओळी लिहून, तर निदान कळलं असतं.

शेवटी प्रकल्पाची छापील प्रत घेऊन मी अकोल्याला गेले आणि यावेळी साडेदहाची बस सोडली. दुपारी बाबा आडवे झाले होते. आई ओसरीवर झेंडूचा ढीग घेऊन हार ओवत बसली होती. तिला वाचता येत नाही. मी म्हटलं, ‘आई, मी लिहिलं थे वाचून दाखवू तुले?’

‘दाखव ना. हात कामात हायेत, कान रिकामेच हायेत.’

मी वाचत गेले. अवघड शब्द आले की तिथल्या तिथं आपल्या बोलीत सांगत गेले. ती ऐकत होती, मध्येच ‘व्हय’ म्हणत होती, एकदा एका व्यापाऱ्याचं वर्णन ऐकून खुदकन हसली. मग तो तक्ता आला. संस्थेनं नमुना दिला होता, त्यात विक्री, शिल्लक आणि वाया असे तीन रकाने होते. मी वाचलं, ‘सकाळी अकरानंतर न विकला गेलेला झेंडू पूर्णपणे वाया जातो.’

आईची सुई थांबली.

‘कोनता झेंडू वाया जाते?’

‘सकाळचा. जो इकल्या जात नाई थो.’

तिनं समोरच्या ढिगाकडं बघितलं, मग माझ्याकडं. ‘हा कोनता हाय मंग? तुह्या बापानं बाजारातून आनला, इकला नाई म्हनूनच आनला. सकाळचा झेंडू रातच्या दयवारानं ओला असते, हारात ओवला का काळा पडते. दुपारचा कोरडाच लागते मले. वाया जाते म्हनतं, त माहे हार कायचे असतेत?’

दुपारचा ढीग आणि त्यापुढं बसलेली आई, हे मी जन्मापासून बघत आले. रकाना समोर आला आणि मी तो भरून टाकला. ज्या हारांवर मी शिकले ते वायामध्ये घातले, आणि पुण्यातल्या कोणीतरी त्यावर ‘उत्कृष्ट’ लिहिलं.

‘अन् ज्यानं तुले पास केलं, त्यानं नाई सांगतलं का हे?’ आईनं विचारलं.

‘त्यानं वाचलंच नाई, आई.’

तिला ते पटलं नाही. इतकं लिहिलेलं कोणी वाचत नाही, असं कसं होईल? ती म्हणाली, ‘मंग खोड थे.’

जमा केलेली फाईल आता बदलता येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. पिशवीतून पेन काढलं आणि छापील पानावर ती ओळ खोडली. पान तिच्या ढिगाशेजारी जमिनीवर ठेवलं आणि विचारलं, ‘सांग आता. काय लिहू?’

आईनं सुईत नवा दोरा घातला. ‘पयले हे लिही,’ ती म्हणाली, ‘का दुपारी घरी माल येते.’