मागच्या अध्यक्षांची उधारी

स्टाफरूममध्ये किस्से साचतात ते कपाटावरच्या धुळीसारखे. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण हात फिरवला की बोट काळं होतंच! नागपूरच्या आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राचे मेश्राम सर होते, त्यामुळे पुरवठा अखंड होता. मी मराठी शिकवते. अर्थशास्त्राशी माझा संबंध त्यांच्या टेबलावर चहा पिण्यापुरता.

सरांचा लाडका विषय एकच: अमेरिकेच्या कोणत्या अध्यक्षाच्या धोरणाने देशाचं कर्ज किती वाढलं. कोणी टॅक्स कमी करून वाढवलं, कोणी लढाया करून, कोणी लोकांना पैसे वाटून. आणि जो तो ते मागच्या अध्यक्षावर ढकलून मोकळा! हे ऐकून ऐकून इतिहासाचे ढोबळे सर एकदा वैतागले.

"सर, तिकडच्या कर्जाचं तुम्हाले काहून टेन्शन? तुम्ही जामीन राहिले का?"

*

चहापाण्यासाठी आमचा स्टाफ क्लब आहे आणि त्यालाही अध्यक्ष असतो. माझ्या आठवणीतले पहिले अर्थातच मेश्राम सर. त्यांनी काटकसर आणली. बिस्किटं बंद, साखर निम्मी. कॅन्टीनवाल्या भाऊरावांची उधारी फिटली, वर शिल्लकही पडली.

पुढच्या निवडणुकीत सरांना एकच मत मिळालं. ते आपलंच, असं त्यांनी स्वतः जाहीर केलं.

*

मग ढोबळे सर आले. रोज झणझणीत रश्शाचे तर्री-पोहे, शनिवारी कोथिंबिरीची सांबारवडी, आणि वर्गणी माफ! क्लबात एवढं सुख कधी नांदलं नव्हतं. उधारी चढायला लागली तेव्हा मेश्राम सरांनी जाब विचारला. ढोबळे सरांनी त्यांनाच त्यांचा धडा ऐकवला: कर्जाचा नुसता आकडा पाहायचा नसतो, उत्पन्नाशी प्रमाण पाहायचं असतं.

"मग किती आहे प्रमाण?"

"उत्पन्नच नाही जी. प्रमाण कसं काढू?"

*

असा माणूस पुन्हा निवडून येणारच. वार्षिक सभेत त्यांनी अहवाल वाचला की, क्लबवरची उधारी मागच्या अध्यक्षांच्या चुकीच्या धोरणांमुळे झाली आहे. मी आठवण करून दिली की मागचे अध्यक्षही तुम्हीच होता.

"तेच तर म्हणून राहिलो, मॅडम. त्या माणसाले निवडूनच द्यायचं नव्हतं."

*

त्यांच्यानंतर मी. मी कडक धोरण म्हणून वर्गणी दुप्पट केली. दुसऱ्या दिवशी अख्खा क्लब गेटबाहेरच्या टपरीवर. मी तावातावाने जाब विचारायला गेले. चहा बरा होता. मीही तिथेच प्यायला लागले.

*

एवढ्यात मेश्राम सरांची निवृत्ती आली. क्लबात दमडी नव्हती, आणि सरांनी आधीच बजावलं होतं, "उधारीवर निरोप देसान तर मी येत नाही." आयुष्यभर जे शिकवलं त्याचा तो अपमान, असं त्यांचं म्हणणं. आणि ते खरंच आले नसते. इतक्या वर्षांचा आपला माणूस नुसता हात हलवून निघून जाणार, याचं मला फार वाईट वाटत होतं. माझ्यावर सोडा, असं ढोबळे सर म्हणाले.

निरोपाच्या दिवशी शाल आली, हार आला, पोह्यांचं पातेलं आलं. सरही आले, पण दारातच थांबले. त्यांनी भाऊरावांना विचारलं, "हे सारं कोणाच्या नावावर मांडलं गा?"

"नव्या अध्यक्षाच्या," भाऊराव म्हणाले.

नवा अध्यक्ष कोण, हे सरांना माहीत नव्हतं. ढोबळे सरांनी ठरावाचा कागद पुढे केला. सरांच्या जागेवर ज्या नव्या मॅडम सोमवारी रुजू होणार होत्या, त्यांची क्लबने माझ्या जागी अध्यक्ष म्हणून एकमताने निवड केली होती. त्यांना अजून कोणी कळवलं नव्हतं. सूचकाची सही तेवढी बाकी होती.

सरांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, ठसठशीत सही केली आणि आत येऊन खुर्चीवर बसले.

"भाऊराव," ते म्हणाले, "तर्री जरा जास्त टाकजो."