किल्ली बेबीताईंकडे असते

आमच्या घराची किल्ली बेबीताईंकडे असते, हे दिग्रसच्या आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. माझ्या आवाजाला मुलं घाबरायची, हेडमास्तर घाबरायचे, आमचे हे तर अजूनही घाबरतात. एकट्या बेबीताई घाबरत नाहीत.

त्या आमच्या समोर राहतात. माहेर घाटंजीकडचं, शिक्षण चौथीपर्यंत, लग्न सतराव्या वर्षी. नवरा सदाशिवराव स्वभावाने देवमाणूस. दिवसभरात दहा-बारा वाक्यं बोलतात, त्यातली निम्मी बैलांशी. गावाबाहेर त्यांचं दहा एकर कोरडवाहू शेत आहे. कापूस, तूर, अलीकडे थोडं सोयाबीन. मजूर ठरवणं, वेचणीला उभं राहणं, बाजारात व्यापाऱ्याशी तोंड वाजवणं, हे सगळं बेबीताईंचं खातं. मुलगी अर्पिता यवतमाळला शिकायला, तिच्या होस्टेलच्या बाईंनाही त्यांनी एकदा सरळ केलं होतं म्हणतात. मी विचारलं नाही, पण मला ते अवघड वाटत नाही.

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत सगळेच पाळतात. बेबीताई ती जरा जास्तच पाळतात. मी वाटीभर शिरा दिला की वाटी तुरीच्या शेंगांनी भरून यायची. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी असायचीच. हळूहळू माझ्या लक्षात आलं की प्रश्न भांड्यांचा नाही, या बाईंना रिकामं काही बघवतच नाही. एका वर्षी आमच्या कंपाउंडच्या आत, भिंतीलगतच्या पट्टीत मेथी उगवलेली दिसली. मी तणतणत समोर गेले.

"विचारायचं तरी, बेबीताई. जागा आमची आहे."

"त्यात काय इचाराचं, बाई? रिकामीच त पडली होती."

मी रागाने परत आले आणि पुढचा महिनाभर ती मेथी खाल्ली. फार चांगली होती.

आता आमच्या परदेशवारीचं सांगते. मुलगा मंदार मेलबर्नला. सून केतकी नोकरी करते, नात स्पृहा शाळेत जाते. आपल्याकडे थंडी पडते तेव्हा तिकडे ऐन उन्हाळा आणि शाळेला लांबलचक सुट्टी. आई-बाप कामावर, पोर घरी, म्हणून दिवाळीचा फराळ संपला की आम्ही निघायचं आणि फेब्रुवारीअखेर परत यायचं, असं चार वर्षांपासून ठरून गेलं होतं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, रजनीबाईंची ऐश आहे. ऐश कसली, तिकडे मी पोळ्याच करत होते, फक्त गॅस चांगला होता.

खरा त्रास निघतानाचा. आमचे हे, म्हणजे अनंतराव, तहसील कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. घर बंद करण्याची त्यांची यादी आहे, एकतीस कलमांची. पाण्याचा मेन कॉक, गॅसचा रेग्युलेटर, कपाटात डांबरगोळ्या, सोफ्यावर चादरी, मोरीच्या जाळीवर पालथा टोप. मी उत्तर द्यायचं आणि यांनी खूण करायची. एवढं करूनही एकदा आर्णीहून गाडी परत फिरवली, कारण देवघरातला दिवा विझवल्याचं यांना आठवेना. मेलबर्नला पोचल्यावरही सुटका नाही. जेवताना मधेच घास थांबवून म्हणायचे, "मागच्या दाराची वरची कडी लावली होतीस ना?" बंद घर त्यांना खात होतं. आणि ते मला खात होते.

म्हणून चौथ्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाचच्या पावसाळ्यात, यांनी जाहीर केलं की घर विकायचं. नागपूरला छोटा फ्लॅट घ्यायचा, विमानतळही जवळ पडेल. मंदार फोनवर लगेच हो म्हणाला. मला कुणी विचारलं नाही असं नाही. विचारलं. कुणाचंही ऐकून न घेणारी मी तेव्हा मात्र "बघा तुम्ही" म्हणून गप्प बसले. नको म्हटलं असतं तर नातीपेक्षा हिला दिग्रस प्यारं, असं झालं असतं. आणि खरं तर नातही हवी होती आणि दिग्रसही. हे घर मी पोटाला चिमटा काढून बांधलेलं. संध्याकाळी ओट्यावर बसलं की समोरून बेबीताई हाक मारणार, हे सोडून नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावर मी कुणाशी भांडणार होते?

बेबीताईंना मी यातलं काही सांगितलं नाही. सांगायला लागले असते तर मला रडू आलं असतं, एवढंच कारण. नेहमीसारखी किल्ली दिली आणि म्हणाले, "घर रिकामं आहे, लक्ष ठेवा." आमच्या मागे यांचे मित्र घनश्यामजी घराला गिऱ्हाईक बघणार होते.

ते वर्ष कापसाचं फार वाईट गेलं. भाव नव्हता, खरेदी केंद्राचा काटा कधी सुरू होणार याचा पत्ता नव्हता, पेपर उघडायला नको वाटायचं. लोकांनी वेचलेला कापूस घरातच भरून ठेवला. ज्याच्याकडे एक खोली जास्त, त्याने ती कापसाला दिली. बेबीताईंचं घर तर डिसेंबरातच गच्च झालं होतं, हे मला नंतर कळलं. दर रविवारी मी फोनचं कार्ड घासून त्यांना फोन करायची. घर कसं आहे विचारलं की त्या म्हणायच्या, "एकदम मस्त हाय, बाई. कोरडं ठक्क हाय." तीन रविवार ओळीने घर कोरडं असल्याचं ऐकून मला जरा नवल वाटलं. घर ओलं कशाला असेल?

मग जानेवारीत एका सकाळी घनश्यामजींचा फोन आला. हे उचलायला गेले.

"अनंतराव, आपके घर में कापूस है."

"असेल, गाद्या आहेत ना."

"गाद्या नाही हो. कापूस. खिडकीपर्यंत."

घडलं ते असं. पुसदचे एक डॉक्टर सपत्नीक घर बघायला आले. घनश्यामजींनी बेबीताईंकडून किल्ली मागितली, त्या स्वतःच सोबत आल्या आणि त्यांनी दार आतल्या बाजूला ढकललं. ते अर्धंच उघडलं. मागे पांढरा ढीग. बैठकीच्या खोलीत चादरी घातलेला सोफा कुठेतरी खाली होता, बेडरूममध्ये कापूस पंख्याच्या जवळ पोचला होता. मधून एक पायवाट होती. डॉक्टर काळी पँट घालून त्या वाटेने गेले आणि परत आले तेव्हा पँट काळी राहिली नव्हती. त्यांच्या पत्नीने स्वयंपाकघर कुठे म्हणून विचारलं. बेबीताईंनी बोट दाखवलं, "त्या ढिगाच्या मांगं हाय." देवघर मोकळं होतं, पण देव नव्हते. कापसात दिवा कसा लावणार म्हणून आमचे देव त्यांनी आपल्या घरी नेऊन ठेवले होते आणि तिथे रोज दोन घरच्या देवांची पूजा चालू होती. डॉक्टरीणबाई अंग खाजवत गाडीत बसल्या. घर नको, असं त्यांनी बसस्टँड यायच्या आतच कळवलं.

यांनी मेलबर्नच्या स्वयंपाकघरात इतका आवाज केला की शेजारच्या बाईंनी कुंपणावरून डोकावून बघितलं. विश्वास म्हणून काही राहिला नाही, आग लागली असती तर, आता किल्ली काढून घ्यायची, वगैरे. मी भाजी चिरत होते. मी मान खाली घालून भाजीच चिरत राहिले, कारण मला हसू आवरत नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला जितका आनंद झाला तितका ऑस्ट्रेलियात कधी झाला नव्हता.

रविवारी फोन लावला तर सदाशिवरावांनी उचलला. "पाऊस आल्ता बाई, अवकाळी. आमच्या इथं टिनातून पानी गळे. तुमची पक्की छत होती. आठ दिस द्या, काढतो." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत मोठं भाषण. हे माझ्या मागे उभे होते म्हणून मी मोठ्याने "बरं" म्हणाले आणि हळूच पुढे म्हणाले, "घाई करू नका." बेबीताईंना बोलवा म्हटलं. त्या शेतात गेल्यात म्हणाले. पुढच्या चारही रविवारी त्या शेतातच होत्या.

फेब्रुवारीअखेर आलो. घर इतकं स्वच्छ की मलाच लाज वाटली. फरशी धुतलेली, चादरी धुवून पुन्हा घातलेल्या, फक्त पंख्याच्या पात्यावर कापसाचे दोन-चार धागे. बेबीताई आल्या. एका हातात तबक, तबकात आमचे देव घासूनपुसून ठेवलेले. दुसऱ्या हातात किल्ली. दोन्ही टेबलावर ठेवून त्या उभ्याच राहिल्या.

"बसा ना," मी म्हटलं.

"नाई बसत. मोजून घ्या देव. म्या न इचारता कापूस भरला, माही चूक हाय. अनंतभाऊ रागावले असतीन त बराबर हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पन बाई, तो डाक्टर मोरी कुठी हाय इचारे, त म्या म्हटलं, तुमी कोन? त म्हने घर घेनारा. चोवीस वर्षं झाले आपल्याले. मले हे त्या मानसाकडून समजाव? मी न इचारता भरून राह्यली, अन् तुमी न सांगता इकून राह्यले."

त्या गेल्या.

आठ दिवस समोरून हाक नाही. मी मुद्दाम ओट्यावर बसायची, त्या मान फिरवून सुपातलं धान्य पाखडायच्या. मी लोणच्याची बरणी अर्पिताच्या हाती पाठवली, ती सुट्टीत आली होती. बरणी धुवून परत आली, रिकामी. शाळेत मला मुख्याध्यापिका नेमलं नाही तेव्हाही मी जेवले होते, त्या रात्री जेवले नाही.

दरम्यान यांच्या कानावर एक गोष्ट आली होती. आम्ही नसताना मागच्या गल्लीतली दोन बंद घरं फुटली होती. एका घराची तर कपाटंसुद्धा उघडीवाघडी टाकून चोर गेले. आमच्या घराला हातही लागला नव्हता, कारण कापसाच्या राखणीला सदाशिवराव दीड महिना आमच्या ओट्यावर झोपत होते, काठी उशाला घेऊन. घनश्यामजींनी हे सांगितल्यावर यांनी यादीचा कागद काढून पुन्हा वाचला. एकतीस कलमांत हे कलम नव्हतं. संध्याकाळी मला म्हणाले, "चल, किल्ली देऊन येऊ त्यांना. मी जरा जास्तच बोललो."

आम्ही समोर गेलो. सदाशिवराव खाटेवर, बेबीताई उंबऱ्यात तूर निवडत. यांनी घसा साफ करून किल्ली खाटेवर ठेवली आणि म्हणाले, "बेबीताई, ही तुमच्याकडेच असू द्या. घर विकेपर्यंत तरी."

"इकाचंच हाय त किल्ली कायले?" त्या मान वर न करता म्हणाल्या. मग तूर बाजूला सारून सरळ माझ्याकडे बघितलं. "बाई, तुमीच सांगा. इकून राह्यले का घर?"

हे माझ्या शेजारी उभे होते. मंदारने नागपूरच्या फ्लॅटचे फोटोसुद्धा मागवले होते.

"नाही," मी म्हणाले. "मला नाही विकायचं. मी इथेच राहणार. हिवाळ्यात जाईन आणि इथेच परत येईन."

हे माझ्याकडे वळून बघायला लागले. बेबीताईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अनंतभाऊले सांगतलं होतं का हे?"

"नाही. तुम्हालाच सांगतेय. पहिल्यांदा."

बेबीताईंनी पदर तोंडाला लावला. हसताहेत की रडताहेत ते मला कळेना, कारण माझंच काही खरं नव्हतं. हे खाटेच्या कडेवर बसले, चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि सदाशिवरावांना म्हणाले, "सोफा आधी बाहेर काढावा लागेल. यंदा कापूस किती होईल?"

"पान्यावर हाय," सदाशिवराव म्हणाले.

बेबीताईंनी किल्ली उचलून पदराच्या टोकाला बांधली आणि मला आत बोलावलं, चहा करू लागायला.