अकरा वाजता येणारा आवाज

त्या बाईने फोनवर विचारलेला एक प्रश्न आणि त्यानंतरची शांतता मी अजून विसरलेलो नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. तिच्या नवऱ्याची मिसिंग, म्हणजे बेपत्ता झाल्याची तक्रार, दाखल होऊन तीन महिने झाले होते. तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कारकून. मांजरसुंब्याच्या फाट्यावर, हातात जेवणाचा डबा घेऊन उभा असलेला शेवटचा दिसला. मोबाइल बंद. आम्ही विहिरी, तलाव पाहिले. दोन बेवारस प्रेतं तिला दाखवली. दोन्ही वेळा ती नुसती नकाराची मान हलवून परत गेली.

त्या सकाळी मात्र ती स्वतःहून आली.

"साहेब, माझ्या मालकांचा फोन येतोय. रोज अकराला."

"काय म्हणतात?"

"क्रेडिट कार्डाचे पैसे भरा म्हणत्यात. मला मॅडम म्हणत्यात. नाव दुसरंच सांगत्यात, पण आवाज त्येंचाच हाय. सासूबाई म्हणत्यात, मेलेल्या माणसाचा फोन हाय, उचलू नको."

घरचं माणूस हरवलं की लोकांना कुणाच्याही आवाजात तेच ऐकू येतं, हे आम्ही पुष्कळदा पाहिलेलं. तरी मी तिला बसवून घेतलं. अकराला फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"नमस्कार मॅडम, वसुली विभागातून अमित बोलतोय. आपल्या मिस्टरांच्या कार्डाची थकबाकी..."

पाठ केलेलं, गुळगुळीत बोलणं. ती ऐकत राहिली आणि मध्येच म्हणाली, "जेवलात का?"

पलीकडे काहीच नाही. फक्त श्वास. मग पुन्हा तोच सपाट स्वर, "मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतोय." फोन बंद झाला. ठाणे अंमलदाराने न सांगताच नंबर लिहून घेतला.

नंबरची माहिती मागवली. तो पुण्यातल्या एका वसुली कंपनीचा निघाला. हवालदाराला घेऊन मी तिथे गेलो. लांबलचक हॉल, कानाला हेडफोन लावलेली माणसं, सगळ्यांच्या तोंडी खालच्या आवाजात तीच वाक्यं. तिसऱ्या रांगेत तो पाठमोरा बसला होता. हवालदाराने खांद्यावर हात ठेवला. त्याने आधी तोंडातलं वाक्य पुरं केलं, मगच वळून पाहिलं.

तो आरोपी नव्हता, पण जबाब घ्यावाच लागतो.

"साहेब, सहा वर्षं पगार तेवढाच राहिला. घरी मात्र दर दिवाळीला वाढला म्हणून सांगायचो, पेढे न्यायचो. वरचा खर्च कार्डावर. एकाचं भागवायला दुसरं कार्ड. वसुलीवाले शोरूमवर येतो म्हणाले, तवा निघून आलो. काम मिळालं ते हेच."

"आणि घरचा नंबर?"

"वसुलीच्या यादीत आला. कार्डाच्या अर्जावर तिचाच दिला होता. मी सोडला असता तर शेजारच्यानं लावला असता. त्यो आईबहिणीवरून बोलतो."

"मग मी जिवंत आहे, एवढं तरी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर पुढं काय बोलायचं, ते माहीत नव्हतं."

ठाण्यात दोघं समोरासमोर बसले. ती रडली नाही. "आता तुमच्या तोंडानं सांगा," ती म्हणाली, "पगार किती होता?"

त्याने आकडा सांगितला. "एवढ्यात बी भागवलं असतं मी," ती म्हणाली आणि त्याची पिशवी उचलून बाहेर चालू लागली. तो मागोमाग गेला. मिसिंग 'मिळून आला' म्हणून निकाली काढली.

आमच्या मिसिंगच्या अर्जात उंची, रंग, अंगावरची खूण असे रकाने असतात. राहिलेल्या नोकरीत मी तक्रार घेताना एक प्रश्न तोंडी वाढवला: घरच्या माणसाचा पगार किती? उत्तर बहुधा लगेच, ठामपणे मिळायचं. नंतर नोकरीच्या ठिकाणी चौकशी केली की अनेकदा ते चुकीचं निघायचं.