आतोबांचे बारदान

वस्तू हातातून जाताना आमच्या आत्याच्या यजमानांइतका दुःखी होणारा माणूस नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. राहुरीच्या पलीकडे एका खासगी साखर कारखान्यात ते स्टोअरकीपर होते; तिथे सगळे त्यांना अण्णा म्हणत. खिळ्यापासून चामड्याच्या पट्ट्यापर्यंत सारे काही त्यांच्या पत्र्याच्या कोठारात होते. फक्त ते मिळत नसे. नियम एकच होता: जुने दाखवा, नवे घ्या. फिटर तुटका बोल्ट घेऊन आला की आतोबा तो तळहातावर ठेवून बराच वेळ पाहत आणि म्हणत, "हा अजून चालला असता हो." मग नवा काढून देत, पण असा, की घेणाऱ्याला आपण चोरी केल्यासारखे वाटावे. घरीही तेच. आत्याला नवा साबण हवा असेल तर जुन्याची उरलेली चकती दाखवावी लागे. केरसुणी मागितली की जुनी उलटी धरून ते काड्या तपासत. "अहो, ही झाडते कमी आणि गळते जास्त," असे आत्या म्हणे. पाहुण्याने आणखी चहा मागितला तर ते आधी त्याच्या कपात डोकावत. याला कंजूषपणा म्हणता येणार नाही, कारण पैशाच्या बाबतीत ते अगदी सैल होते. चीजवस्तू निघाली की मात्र त्यांचा जीव कळवळे.

लढाईच्या दिवसांत रेल्वेचे डबे लष्कराकडे वळले आणि कारखान्याचे बारदान, म्हणजे साखर भरायची पोती, कलकत्त्याहून येता येता वाटेत कुठेतरी अडकले. मी तेव्हा नगरच्या एका साप्ताहिकात होतो आणि हंगामाची बातमी करायला आत्याकडे उतरलो होतो, म्हणून पुढचे सारे समोर पाहिले. मोकळी साखर ठेवायला गोदामात फारशी जागा नव्हती. पोती संपली की गाळप थांबणार, आणि तोडून आणलेला ऊस गाड्यांवरच वाळणार. मॅनेजरांनी खातेप्रमुखांना बोलावले. आतोबा म्हणाले, "माझ्या कोठारापायी गाळप थांबलं, तर किल्ल्या तुमच्या टेबलावर ठेवीन." ते हे नाटकीपणे बोलले नाहीत. तसे बोलणे त्यांना येतच नसे.

इंजिनिअर म्हणाले, "अण्णा, रागावणार नसाल तर एक सांगतो. माझ्याकडे थोडी पोती आहेत."

"तेलात माखलेली?"

"कोरी."

"कुठून आणलीत?"

"तुमच्याकडूनच. वेळेला तुम्ही द्याल याचा भरवसा नव्हता, म्हणून आधीच नेऊन ठेवली."

"पण जुनं दाखवल्याशिवाय मी दिली कशी?"

इंजिनिअरांनी शेतकी अधिकाऱ्यांकडे पाहिले. शेतकी अधिकारी छताकडे पाहू लागले. मग उलगडा झाला. दाखवलेले जुने पोते आतोबा कोठारामागे टाकत. तिथून ते कुणीतरी उचली आणि तेच पुन्हा दाखवून नवे नेई. एक फाटके पोते तर सगळ्या खात्यांत फिरले होते.

"निळ्या डागाचं?" आतोबांनी विचारले.

"तेच."

"तरीच. मी म्हणायचो, सगळ्यांची पोती त्याच जागी कशी फाटतात!"

मॅनेजरांनी रुमालाने तोंड झाकले. पण त्यानंतर कपाटांची दारे भराभर उघडली. उपाहारगृहाने खिडक्यांना लावलेले पोत्यांचे पडदे उतरवले. केमिस्टने एकेक पोते हुंगून पसंत-नापसंत ठरवले, कॉलनीतल्या बायकांनी धुऊन उन्हात वाळवले, उसवलेले आत्याने दाभणाने शिवले. शेतकी खात्याने लांबच्या शेतांतली तोड थांबवली, इंजिनिअरांनी यंत्रे मंद केली, म्हणजे आलेला ऊस संपेल आणि नवा साचणार नाही. एरवी एकमेकांना चिठ्ठ्या धाडून भांडणारी ही मंडळी सकाळ-संध्याकाळ कोठाराच्या पायरीवर बसून कुणाकडे काय उरले ते सांगू लागली.

शेतकी खात्याची बरीच पोती तोडकऱ्यांच्या कोपींना, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांना, दारे म्हणून लागली होती. तिथे आतोबा स्वतः गेले. मुकादम पाथर्डीकडचा होता. तो म्हणाला, "न्या की सायेब. पर दाराला काय लावू? वारं लई हाय, पोरं ल्हान हायती."

आतोबा परतले आणि कोठारातून कोऱ्या ताडपत्र्या काढून घेऊन आले.

"जुनं काय दाखवू?" मुकादमाने हसू दाबत विचारले. त्याच्यापर्यंतही नियम पोचला होता.

"राहू द्या," आतोबा म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द पूर्वी कुणी ऐकले नव्हते.

ही पोती संपत आली, तेव्हा बारदानाचा डबा स्टेशनात लागला. गाळप थांबले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबांनी तरीही किल्ल्या मॅनेजरांच्या टेबलावर ठेवल्या.

"अण्णा, गाळप थांबलं नाही," मॅनेजर म्हणाले.

"नाही थांबलं. माझ्यावर कुणाचा भरवसा नव्हता म्हणून चाललं. अशा माणसानं किल्ल्या कशाला बाळगाव्यात?"

इंजिनिअर म्हणाले, "उचला हो त्या. उद्या दुसरा कुणी आला आणि मागेल ते देत सुटला, तर आम्ही दडवणार काय आणि वेळेला काढणार काय?"

खोलीत हसू पसरले. आतोबांनी किल्ल्या उचलल्या, पण ते हसले नाहीत. पायरीवरची बैठक त्यांनी नंतरही चालू ठेवली. नवे मागणाऱ्याला ते आता जुने दाखवायला सांगत नसत. आधी खात्यात किती आहे ते विचारीत, आणि लोक बहुधा खरे सांगत.

लढाई संपल्यावर काही वर्षांनी ते निवृत्त होऊन केडगावला राहायला आले. इंजिनिअर कामाला नगरला आले की त्यांच्याकडे डोकावत आणि खालच्या आवाजात, कुठल्या खात्याने काय दडवून ठेवले आहे ते सांगत. आतोबा डोळे मिटून ऐकत. मध्येच म्हणत, "त्या कोपऱ्यात ओल येते, तिथून हलवा." इंजिनिअर मान डोलावत. उभे राहून ते हलवून घेणारे आतोबा आता कारखान्यात नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते. ते गेले की आतोबा ओट्यावरूनच आत हाक मारून आत्याला सांगत, "ऐकलंस का गं? अजून मला सांगतात."